‘पिन १२३४ टाका’ म्हणणारा सेटिंगचा मेसेज

जीपीआरएसच्या, म्हणजे जुन्या संथ मोबाइल इंटरनेटच्या जमान्यात नवं सिम घातलं की कंपनीला एसएमएस करून सेटिंग मागवावी लागायची. थोड्या वेळाने ‘कॉन्फिगरेशन सेटिंग मिळाली’ असं स्क्रीनवर यायचं, पिन टाकून सेव्ह केलं की नेट सुरू. ती सवय अजून गेलेली नाही, आणि चोराने खोटी इंटरनेट सेटिंग पाठवून केलेली फसवणूक तिच्याच जोरावर चालते.

मेसेज दोन येतात. पहिला साधा: ‘आपल्या सिमची इंटरनेट सेटिंग बदलत आहे. पिन १२३४ टाका.’ पाठोपाठ दुसरा, पण तो नेहमीच्या मेसेजसारखा वाचता येत नाही. नवीन सेटिंग आली आहे, इन्स्टॉल करायची का, एवढंच तो विचारतो. कुणी पाठवली, आत काय आहे, याचा पत्ता नाही.

पिन मागितला म्हणजे मेसेज खरा, असं वाटतं. पण तो पिन करतो काय? पाठवणारा पिनची किल्ली वापरून सेटिंगच्या मजकुरावरून एचएमएसी-एसएचए१ ही ४० अक्षरी खूण काढतो आणि सोबत जोडतो. तुम्ही टाकलेल्या पिनवरून फोन तीच खूण पुन्हा काढतो. जुळली की सेटिंग बसते. पिन चोरानेच सांगितलेला असेल तर ती जुळणारच. कुलूप त्याचं, किल्लीही त्याचीच.

दुसऱ्या प्रकारात पिनऐवजी आयएमएसआय, म्हणजे सिमचा १५ अंकी ओळख क्रमांक, किल्ली असतो. भारतात तो ४०४ किंवा ४०५ने सुरू होतो. इथे तुम्हाला पिन विचारलाच जात नाही. हा नंबर गुप्त समजायचा, पण अँड्रॉइड १० येईपर्यंत ‘फोन’ची परवानगी मिळालेलं कुठलंही फडतूस ॲप तो वाचू शकत होतं.

चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी सप्टेंबर २०१९ मध्ये हा सगळा प्रकार मांडला. पाठवायला १० डॉलरचा जीएसएम डोंगल (सिम घालून संगणकाला लावायचं छोटं यंत्र) पुरतो. सॅमसंगच्या काही फोनांना तर कुठलीच खूण लागत नव्हती, ग्राहकाने ‘इन्स्टॉल’ दाबलं की झालं. सॅमसंगने मे २०१९ च्या पॅचमध्ये (सुरक्षेच्या अपडेटमध्ये) दुरुस्ती दिली, एलजीने जुलैमध्ये. सेकंडहँड फोन घेताना ‘सिक्युरिटी पॅच’ची तारीख बघा म्हणतात ते यासाठीही.

सेटिंग बसली तरी नेट बंद पडत नाही, म्हणून संशय येत नाही. फक्त डेटा चोराच्या प्रॉक्सीतून, म्हणजे त्याने मध्ये बसवलेल्या सर्व्हरमधून जातो. साइट साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर असेल तर सगळं उघडं. एचटीटीपीएसचा मजकूर फुटत नाही, पण साइटचं नाव कळतं; आणि ब्राउझरने दिलेला सर्टिफिकेटचा इशारा ‘पुढे जा’ म्हणून उडवला तर पासवर्डही गेला. ही सेटिंग बसते ती एपीएनमध्ये, म्हणजे सिमवरून नेट चालवायच्या सेटिंगमध्ये; वायफायवर एपीएन वापरलाच जात नाही. त्यामुळे घरी सगळं सुरळीत आणि रस्त्यावर इशारेच इशारे, असं झालं तर एपीएन तपासाच.

फोनच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क, मग ‘ॲक्सेस पॉइंट नेम्स’ उघडा. जिओ, एअरटेल, व्हीआय यांच्या इंटरनेट एपीएनमध्ये ‘प्रॉक्सी’ आणि ‘पोर्ट’ या ओळी ‘नॉट सेट’ असतात. (‘एमएमएस प्रॉक्सी’ वेगळी, तिथे आकडे दिसले तर घाबरू नका.) इथे पत्ता दिसला तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग तीन ठिपक्यांतून ‘रीसेट टू डिफॉल्ट’. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, तक्रारीला तोच स्क्रीनशॉट जोडा. दोन सिम असतील तर दोन्हींचे एपीएन वेगळे असतात. बहुतेक जण एकच बघून फोन खिशात टाकतात.