रिकॉलचं रिअल-टाइम इंडेक्सिंग: खसरा नंबर लगेच सापडतो, पण आधी फॉन्ट बघा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये वकिलाच्या ऑफिसात एक संगणक असा असतोच, ज्यात दहा-पंधरा वर्षांची विक्रीपत्रं, आखीव पत्रिका, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) पत्रं आणि लेखी जबाब एकमेकांत कोंबलेले असतात. फाइलींची नावं 'नवीन १', 'फायनल', 'फायनल खरं'. इथे नावावरून शोधणारं सॉफ्टवेअर कामाचं नाही, फाइल उघडून आतला मजकूर वाचून ठेवणारं हवं. रिकॉल नावाचं सॉफ्टवेअर हे काम चोख करतं आणि पैसे मागत नाही. पण 'रिअल-टाइम'ची खूण केली की सगळं आपोआप जमेल असं समजून बसवलं, तर आठवड्याभरात कोणीतरी ते वैतागून बंद करतं. बहुतेक वेळा दोष रिकॉलचा नसतो.

रिकॉल झेपियन या शोध-लायब्ररीवर उभं आहे, परवाना जीपीएल. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांच्या भांडारातून थेट मिळतं. विंडोजच्या तयार इन्स्टॉलरसाठी मात्र थोडे पैसे मोजावे लागतात. इथे जे लिहिलं आहे ते लिनक्सवरच्या रिकॉलबद्दल. फाइल बदलल्याची वर्दी देणारी आयनोटिफाय नावाची सोय तिथे कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि रिकॉल तिच्यावर विसंबून असतं.

'रिअल-टाइम' म्हणजे सेव्ह दाबल्या क्षणी नव्हे. बदलांच्या वर्द्या रांगेत जमत राहतात आणि रिकॉल साधारण ३० सेकंदांनी एकदा ती रांग उपसतं. एकाच अर्जावर कोणी मिनिटाला चार वेळा सेव्ह दाबत असेल तर चारदा वाचण्याऐवजी एकदाच वाचलं जावं, म्हणून ही सोय. आकडा सेटिंगमध्ये बदलता येतो, पण कमी करण्यात शहाणपणा नाही. शब्दसूचना आणि शब्दमूळ यांची पूरक कोठारं तर तासाला एकदाच नव्यानं बांधली जातात.

बसवताना नुसतं रिकॉल घेऊन भागत नाही. पीडीएफसाठी पॉपलर-युटिल्स, जुन्या डॉक फाइलींसाठी अँटीवर्ड, आरटीएफसाठी अनआरटीएफ ही पॅकेजं सोबत टाका. नाही टाकली तर रिकॉल आरडाओरडा करत नाही. त्या फाइलींचं फक्त नाव नोंदवतं आणि पुढे जातं. मग मजकूर डोळ्यांसमोर दिसत असताना शोधात शून्य निकाल येतो. मेन्यूत 'मिसिंग हेल्पर्स' नावाची यादी असते, पहिल्या फेरीनंतर ती बघितल्याशिवाय पुढचं काही करू नये.

पहिली पूर्ण फेरी रिअल-टाइम बंद ठेवूनच, हातानं सुरू करा. त्याआधी 'इंडेक्स कॉन्फिगरेशन'मध्ये कुठले फोल्डर वाचायचे ते ठरवा. आपसूक अख्खं होम फोल्डर धरलेलं असतं, ते काढून फक्त कामाचे फोल्डर द्या. मिश्र दस्तऐवजांचा इंडेक्स, म्हणजे शोधासाठी वाचून ठेवलेला साठा, बरेचदा मूळ मजकुराच्या आसपास जागा खातो. नुसती चित्रं असतील तर बराच कमी. ४० जीबी दस्तऐवज असतील तर डिस्कवर तेवढीच मोकळी जागा हाताशी ठेवा, आणि इंडेक्स एसएसडीवर ठेवा. जुन्या फिरत्या डिस्कवर पहिली फेरी सुरू केली की बाकी कामाला संगणक हात लावू देत नाही.

फेरी पूर्ण झाल्यावर 'प्रेफरन्सेस'मधल्या 'इंडेक्सिंग शेड्यूल'मध्ये जा. दोन पर्याय दिसतात: ठरल्या वेळी क्रॉनमधून, किंवा लॉगिनसोबत सुरू होणारा रिअल-टाइम पहारेकरी. दुसरा निवडला की तो लॉगिननंतर मिनिटभर थांबून सुरू होतो, म्हणजे डेस्कटॉप उघडताना अडखळत नाही. ज्यांना कमांड जमते त्यांनी सिस्टमडीची यूजर-सर्व्हिस चालू करावी. ती बंद पडली तर लॉगमध्ये कारण तरी सापडतं. सेटिंग बदलल्यावर सर्व्हिस एकदा रीस्टार्ट करा. मग एका नव्या फाइलीत कुठेच नसलेला शब्द लिहून सेव्ह करा, मिनिटभर थांबा आणि तो शोधा. सापडला तर पहारा चालू आहे.

सापडला नाही तर संशयित क्रमांक एक म्हणजे वॉच-मर्यादा, म्हणजे किती फोल्डरांवर पहारा ठेवता येतो त्याची मर्यादा. आयनोटिफायला मुख्य फोल्डर दिला म्हणून आतले उपफोल्डर आपोआप धरले जात नाहीत. प्रत्येक फोल्डरसाठी वेगळा वॉच लागतो. जुन्या कर्नलमध्ये एका यूजरला ८१९२ वॉचच मिळत. ५.११ पासून मर्यादा रॅमनुसार ठरते, पण लिनक्सची जुनी वितरणं चालवणाऱ्या ऑफिसात हा आकडा आजही आडवा येतो. पक्षकारागणिक फोल्डर, त्यात वर्षागणिक, त्यात 'स्कॅन', 'ड्राफ्ट', 'पाठवलेलं': ८१९२ कधीच संपतात. गंमत म्हणजे मर्यादा संपल्यावर येणारा संदेश 'डिस्कवर जागा शिल्लक नाही' असा असतो. मग बिचारा माणूस लग्नाचे व्हिडिओ पुसत बसतो आणि फरक शून्य. उपाय सिस-सीटीएलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या, फाइलीत आहे: आयनोटिफायच्या कमाल यूजर-वॉचचा आकडा ५,२४,२८८ करा. ६४-बिट मशीनवर एक वॉच साधारण १ केबी कर्नल-मेमरी घेतो, म्हणजे सगळे वापरले गेले तरच अर्धा जीबी. ही मर्यादा त्या यूजरच्या सगळ्या प्रोग्रामांत वाटली जाते, हेही ध्यानात असू द्या. केडीई डेस्कटॉपचं स्वतःचं शोध-सॉफ्टवेअर बालू आधीच पहाऱ्यावर असेल तर त्याला रजा द्या. एकाच घराला दोन चौकीदार कशाला.

दुसरी अडचण नासची, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक साठ्याची. ऑफिसातल्या सामायिक ड्राइव्हवर शेजारच्या टेबलावरून कोणी फाइल टाकली, तर तुमच्या कर्नलला पत्ताच लागत नाही. आयनोटिफाय फक्त आपल्याच मशीनमधून झालेले बदल पाहतं. सांबा किंवा एनएफएसनं जोडलेल्या नेटवर्क-ड्राइव्हवर दुसऱ्यानं केलेला बदल त्याच्या नजरेत येत नाही. 'माझी फाइल सापडते, साहेबांची सापडत नाही' ही तक्रार आली की कारण हेच. यावर रिकॉलमध्ये काही दुरुस्त करण्यासारखं नाही.

म्हणून आमचा सरळ सल्ला: रिअल-टाइम फक्त चालू कामाच्या फोल्डरवर ठेवा. निकाली निघालेल्या प्रकरणांवर दिवसभर डोळा ठेवून काय मिळणार? रिकॉलमध्ये याची सोय आहे. पहारेकऱ्यानं वगळायच्या वाटांची वेगळी यादी देता येते. तिथले फोल्डर सुरुवातीच्या फेरीत वाचले जातात, नंतर त्यांच्यावर पहारा नसतो. रोज सकाळी सुरू आणि संध्याकाळी बंद होणाऱ्या मशीनला एवढं पुरतं, कारण सुरू होतानाची फेरी राहिलेलं टिपून घेते.

मशीन चोवीस तास चालू असेल, किंवा नास असेल, तर दुसरा इंडेक्स बांधा. रिकॉलला दुसरं कॉन्फिगरेशन-फोल्डर दिलं की त्याचा इंडेक्स स्वतंत्र राहतो, आणि तो क्रॉनमधून रात्री २ वाजता अद्ययावत करता येतो. मग शोधाच्या खिडकीत 'एक्स्टर्नल इंडेक्स' म्हणून जोडा. निकाल एकत्रच दिसतात. एकाच इंडेक्सवर पहारेकरी चालू असताना क्रॉनची फेरी लावू नका. लिहिणारा एकच लागतो; दुसरा आल्या पावली परततो आणि रात्रीची फेरी झालीच नाही हे महिनाभर कळत नाही. बाहेरची यूएसबी डिस्क असेल तर तिचं माउंट-फोल्डर मुख्य यादीत स्वतंत्र ओळीत लिहा आणि डिस्क काढलेली असताना ते रिकामं राहू द्या. तसं केलं तर डिस्क नसतानाही तिच्या नोंदी इंडेक्समध्ये टिकतात.

थंडरबर्डची टपाल-फाइल हे आणखी एक दुखणं. नवी मेल आली की अख्खी इनबॉक्स फाइल बदलली असं समजलं जातं, आणि दर अर्ध्या मिनिटाला काही जीबी चाळले जातात. पंखा ओरडायला लागतो आणि लोक विचारतात, काय करून राहिलं हे मशीन! फाइलनावाच्या नमुन्यानुसार विलंब देण्याची सोय वापरा. टपालाला ६०० सेकंद पुरे. हजारो फाइली एका दमात कॉपी केल्या तर वर्द्यांची रांग, जी सहसा १६,३८४ ची असते, ती भरून वाहते आणि पुढच्या वर्द्या हरवतात. मोठी कॉपी झाली की सर्व्हिस रीस्टार्ट करायची, सुरुवातीची फेरी बाकीचं बघते.

आता मराठी. रिकॉल युनिकोड मराठी व्यवस्थित साठवतं, पण झेपियनमध्ये मराठीसाठी शब्दमूळ काढण्याची सोय नाही. इंग्रजीत एका शब्दावरून त्याची रूपं मिळतात, तसं इथे होत नाही. 'फेरफार' शोधलं तर 'फेरफाराची' निसटतं. शेवटी तारांकन लावून 'फेरफार*' केलं की येतं. पण आपली भाषा एवढ्यावर सोडत नाही. 'नागपूर*' ला 'नागपूरचा' मिळतो, 'नागपुरात' मिळत नाही, कारण दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला असतो. 'जमीन*' ला 'जमिनीचा' नाही, 'वकील*' ला 'वकिलामार्फत' नाही. दरवेळी दोन रूपं लिहून मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'ऑर' टाकणं कंटाळवाणं आहे. त्यापेक्षा समानार्थी शब्दांची फाइल बनवा: साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एका शब्दाची सगळी रूपं, आणि शोधाच्या पसंतींमध्ये तिचा पत्ता. जमीन, जमिनी, जमिनीचा, जमिनीची, जमिनीवर अशी एक ओळ. नासुप्र आणि एनआयटी ही दुसरी. मौजा, मौजे, मौज्यातील ही तिसरी. पन्नासेक ओळींत जमीन-व्यवहाराच्या ऑफिसचं बहुतेक काम भागतं. 'शेतकऱ्यांना' मधला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकदा टिंबवाल्या ऱ पासून आणि एकदा अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला सारखे, आतून वेगळे. एकावरून दुसरा सापडेलच असं धरू नका. 'शेतक*' लिहून मोकळे व्हा.

खरा खड्डा जुन्या फॉन्टांचा आहे. कृतीदेवमध्ये टाइप केलेला 'भारत' फाइलीत एच-के-के-जे-आर या रोमन अक्षरांत पडलेला असतो. फॉन्ट त्याला फक्त मराठी रूप देतो. शिवाजी आणि डीव्ही-टीटी घराण्याचीही तीच गत. रिकॉलला रोमन काला दिसतो, तो ते इमानदारीनं साठवतं, आणि तुम्ही देवनागरीत शोधता. कुठलंही शोध-सॉफ्टवेअर इथे हात टेकेल. वर्ड फाइली त्या-त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, मूळ प्रत जपून ठेवून.

स्कॅन केलेल्या पीडीएफसाठी रिकॉल टेसरॅक्ट या प्रोग्रामकडून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखण्याचं काम, करून घेतं. सोय मुळात बंद असते, ती चालू करून भाषा 'मराठी अधिक इंग्रजी' द्या, आणि टेसरॅक्टचं मराठी पॅकेज वेगळं टाका. स्कॅन ३०० डीपीआयचं हवं. पण मेख अशी: हे ओसीआर फक्त मजकूर नसलेल्या पीडीएफवर चालतं. जुन्या फॉन्टातून बनवलेल्या पीडीएफमध्ये मजकूर 'आहे', भले तो काला असो, म्हणून ती वगळली जाते. ओळखायचं कसं? पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून नोटपॅडसारख्या ठिकाणी चिकटवा. रोमन कचरा आला तर ती फाइल ओसीआर-माय-पीडीएफमधून 'फोर्स' पर्याय लावून काढा, मग इंडेक्सला द्या.

वेळेचा हिशेब आधी करा. पानाला ५ सेकंद धरले तरी १०,००० पानांना जवळजवळ १४ तास. मे महिन्यात, पारा ४५च्या घरात आणि खोलीत फक्त कूलर असताना, भर दुपारी हे काम सुरू करू नका. प्रोसेसर तापून स्वतःच वेग उतरवतो. थंडीत किंवा रात्री उरका. ओसीआरचे निकाल रिकॉल वेगळे जपून ठेवतं, त्यामुळे इंडेक्स पुसून नव्यानं बांधला तरी तीच पानं पुन्हा वाचावी लागत नाहीत.

वापरायला खिडकी जुनाट दिसते, पण काम जलद. पीडीएफमध्ये शब्द कुठल्या पानावर आहे ते 'स्निपेट्स'मध्ये दिसतं आणि थेट ते पान उघडता येतं. शंभर पानी पेपरबुकात याची किंमत कळते. फोल्डर, प्रकार आणि तारखेची अट एकाच ओळीत घालता येते. ज्यांना फक्त फाइलीचं नाव आठवतं आणि विंडोज सोडायचं नाही, त्यांनी रिकॉलच्या वाटेला जाऊच नये. व्हॉइडटूल्सचं 'एव्हरीथिंग' फुकट आहे, एनटीएफएसची नोंदवही थेट वाचतं, आणि दहा लाख फाइलींची यादी साधारण मिनिटभरात, ७५ एमबी रॅममध्ये बसवतं.

एक इशारा, विशेषतः पक्षकारांची कागदपत्रं सांभाळणाऱ्यांना. रिकॉलचा इंडेक्स दस्तऐवजांचा मजकूरही साठवतो आणि तो होम फोल्डरमधल्या लपलेल्या फोल्डरात असतो. मूळ फाइली कुलूपबंद डिस्कवर आणि इंडेक्स उघड्या डिस्कवर असेल तर मजकूर उघड्यावरच पडला म्हणायचा. दोन्ही एकाच एन्क्रिप्टेड डिस्कवर ठेवा. आणि मशीन दुरुस्तीला देताना इंडेक्सचं फोल्डर खुशाल पुसा. परत आल्यावर एका रात्रीत पुन्हा बांधता येतं.