कम्युनिटी फार्मसी रेसिडेन्सी: स्वतःचा कार्यक्रम की कॉलेजच्या कार्यक्रमात एक केंद्र?

अमेरिकेत फार्म-डी (फार्मसीची डॉक्टरेट पदवी) झालेल्यांसाठी पीजीवाय-१ कम्युनिटी-बेस्ड रेसिडेन्सी, म्हणजे औषधांच्या दुकानात पदवीनंतरच्या पहिल्या वर्षी घ्यायचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, किमान ५२ आठवड्यांची असते. तिला एएसएचपी आणि एपीएचए या फार्मासिस्टांच्या दोन राष्ट्रीय संघटना मिळून मान्यता देतात. आपल्या फार्मसीत ती सुरू करायचं मनावर घेतलं की दोन वाटा दिसतात. एक तर सगळा कार्यक्रम स्वतःच्या नावावर चालवायचा, नाहीतर फार्मसी कॉलेजने प्रायोजित केलेल्या बहुकेंद्री कार्यक्रमात एक केंद्र म्हणून जायचं.

सुरुवात माणसांपासून करा, कारण बरेच बेत इथेच अडतात. कार्यक्रमाला एक प्रोग्रॅम डायरेक्टर लागतो. त्याने मान्यताप्राप्त पीजीवाय-१ केलं असेल तर पुढे किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, पीजीवाय-२ही (दुसऱ्या वर्षाची रेसिडेन्सी) झालं असेल तर एक वर्षाचा, आणि रेसिडेन्सी केलीच नसेल तर पाच वर्षांचा. प्रिसेप्टरसाठी, म्हणजे रेसिडेंटला रोज शिकवणाऱ्या फार्मासिस्टसाठी, हाच हिशोब एक वर्ष, सहा महिने आणि तीन वर्षं असा आहे. स्वतंत्र कार्यक्रमात हा डायरेक्टर तुम्हालाच उभा करावा लागतो. मान्यतेचा अर्ज, निवड, धोरणं, फार्मअकॅडेमिक या ऑनलाइन प्रणालीतल्या नोंदी, तपासणी पथकाची भेट, सगळं त्याच्या गळ्यात पडतं. कॉलेजच्या कार्यक्रमात हे ओझं कॉलेजच्या डायरेक्टरवर जातं आणि तुम्ही एक साइट कोऑर्डिनेटर नेमता. एका दुकानाच्या फार्मसीला हा फरक फार मोठा आहे.

पैशांचं थोडक्यात. रुग्णालयं चालवत असलेल्या पात्र पीजीवाय-१ कार्यक्रमांना मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याकडून पास-थ्रू निधी, म्हणजे प्रशिक्षणाच्या खर्चाची भरपाई, मिळू शकतो. स्वतंत्र कम्युनिटी फार्मसीला तो आधार नाही. स्टायपेंड, विमा, प्रवास, मान्यतेचं शुल्क सगळं खिशातून जातं. कॉलेज बऱ्याचदा स्टायपेंडचा काही वाटा उचलतं आणि त्या बदल्यात रेसिडेंटकडून शिकवण्याचे तास घेतं. ते तास आठवड्याच्या कोणत्या दिवशी, हे करारात लिहून घ्या. नाहीतर तुमचं लसीकरण शिबिर आणि कॉलेजची लॅब एकाच दुपारी येतात आणि रेसिडेंटची ओढाताण होते.

आता खरा कळीचा मुद्दा, काउंटर. रेसिडेंटने काही तास नेहमीच्या फार्मासिस्टसारखं काम करणं योग्यच आहे. त्याशिवाय दुकान कसं चालतं ते कळत नाही. आठवड्याला आठ तास धरले तर वर्षाचे ४१६ होतात, म्हणजे ४० तासांच्या आठवड्याच्या हिशोबाने वर्षाचा पाचवा हिस्सा. घसरण इथून पुढे सुरू होते. कुणी रजेवर गेलं, प्रिस्क्रिप्शनची रांग वाढली, की रेसिडेंटला ‘तासभर’ बोलावलं जातं आणि औषधोपचार आढाव्याची ठरलेली भेट रद्द होते. पाहुण्या माणसाला ते दिसतं, घरच्याला दिसत नाही. कॉलेजचा डायरेक्टर पाच केंद्रांचे तास शेजारी ठेवून पाहतो, त्यामुळे एका केंद्रावर काउंटरचे तास फुगले की त्याच्या लगेच लक्षात येतं. स्वतंत्र कार्यक्रमात डायरेक्टर आणि दुकानाचा व्यवस्थापक एकच असेल तर रेसिडेंटची बाजू मांडणारं कुणी उरत नाही. ही दोन पदं दोन वेगळ्या माणसांकडे ठेवता येत नसतील तर स्वतंत्र वाट धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शिकवण्याची शिस्त मात्र दोन्हीकडे तुमचीच. प्रिसेप्टरच्या चार भूमिका असतात: थेट शिकवणं, करून दाखवणं, रेसिडेंट करत असताना शेजारी राहून सुधारणं, आणि शेवटी त्याला मोकळं सोडून हाकेच्या अंतरावर थांबणं. घाईच्या दुकानात मधल्या दोन गाळून थेट चौथीवर उडी मारली जाते. मूल्यमापनातही तेच. ‘समुपदेशन चांगलं, आत्मविश्वास वाढवावा’ या शेऱ्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘रुग्ण लिसिनोप्रिल आणि हायड्रोक्लोरोथायझाइड घेतो. रेसिडेंटने रक्तदाब मोजला, डोस तपासले, पण दुकानातून थेट घेतलेल्या गोळ्यांबद्दल विचारलं नाही. गुडघ्यासाठी रोज आयबुप्रोफेन चालू होतं. तिन्ही मिळून मूत्रपिंडावर ताण येतो आणि आयबुप्रोफेनने रक्तदाबही वाढू शकतो. पुढच्या पाच भेटींत हा प्रश्न सर्वात आधी विचारायचा.’ असा शेरा पुढच्या आठवड्यात तपासता येतो.

कम्युनिटी रेसिडेन्सीत बहुतेक शिकणं वर्षभर समांतर चालतं, म्हणून तारखा निसटतात. १२ आठवडे किंवा जास्त चालणाऱ्या अनुभवात दोन लेखी मूल्यमापनांमध्ये १२ आठवड्यांहून जास्त अंतर चालत नाही, आणि ठरल्या तारखेपासून सात दिवसांत ते पूर्ण व्हावं लागतं. रेसिडेंटच्या शिकण्याची सुरुवातीची विकास योजना ३० दिवसांत, मग दर ९० दिवसांनी सुधारणा. परवाना रुजू झाल्यापासून १२० दिवसांत. निदान दोन तृतीयांश रेसिडेन्सी परवानाधारक फार्मासिस्ट म्हणून व्हायला हवी. कामाचे तास चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० च्या आत, आणि बाहेरची जादा नोकरीही त्यातच मोजायची. बहुकेंद्री कार्यक्रमात कॉलेजकडून आठवण येते, स्वतंत्र कार्यक्रमात कॅलेंडर तुम्हीच लावायचं.

कॉलेजच्या वाटेचेही तोटे आहेत. मान्यता पूर्ण कार्यक्रमाची असते, त्यामुळे दुसऱ्या केंद्रावरची ढिलाई तुमच्या कार्यक्रमाच्या अहवालात उतरते. संशोधन प्रकल्प कॉलेजच्या सोयीचा निवडला जाण्याचा धोका असतो. मॅचमध्ये (उमेदवार आणि कार्यक्रम यांच्या पसंतीक्रमांवरून जागा ठरवणारी राष्ट्रीय पद्धत) प्रत्येक केंद्राचा कोड वेगळा आहे की एकच, आणि उमेदवारांच्या क्रमवारीत तुमचं मत किती चालतं, हे सही करण्याआधी विचारा. तुमची फार्मसी डॉक्टरांशी केलेल्या सहयोगी करारांखाली औषधांचे डोस बदलते, बोटाच्या रक्ताच्या तपासण्या करते, डॉक्टरांच्या दवाखान्यात तिचा फार्मासिस्ट बसतो, आणि दोन-तीन पात्र प्रिसेप्टर आहेत, तर स्वतंत्र कार्यक्रमात तुम्ही जास्त खोल शिकवू शकाल. या सेवा अजून कागदावर असतील तर कॉलेजबरोबर जा. रेसिडेंटने येऊन सेवा उभ्या कराव्यात ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय आहे. अजून सुरूच नसलेल्या कामात त्याला शिकवणार कोण?

उमेदवारांचे अर्ज साधारण जानेवारीत येतात, मॅचची पहिली फेरी मार्चमध्ये, रुजू होणं जून-जुलैत. म्हणजे निर्णय आदल्या वसंतातच व्हायला हवा. त्याआधी एक चाचणी घ्या. होऊ घातलेल्या प्रिसेप्टरच्या आठवड्यातल्या दोन दुपारी चार आठवडे पूर्ण मोकळ्या ठेवा आणि किती खरंच मोकळ्या राहिल्या ते मोजा. आठपैकी सहापेक्षा कमी राहिल्या, तर यंदा दोन्ही वाटा सोडा आणि आधी एक तंत्रज्ञ वाढवा.