थारची क्लच प्लेट आणि माझे ३८,६०० रुपये

लिहायला लाज वाटते, कारण अकरा वर्षं थार चालवतोय आणि मित्रांना क्लचवर लेक्चर देणारा मीच. तरीही लिहितोय. तो गॅरेजवाला अजून दुकान उघडून बसलाय.

जुलैमध्ये ताम्हिणीत चढाला गाडी नुसती रेस व्हायला लागली. काटा तीन हजारांवर, वेग तिथेच, आणि केबिनमध्ये जळका वास. प्लेट गेली हे मलाही कळत होतं. चिखलात हाफ क्लचवर तासभर नाचवल्यावर दुसरं काय होणार! पुण्यात परत येऊन ग्रुपमधल्या एकाने सुचवलेल्या गॅरेजात गेलो. मिस्त्रीने माझ्यासमोर हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, पडलं नाही. रोग खरा निघाला, म्हणूनच औषधावर विश्वास बसला. मी काही दूधखुळा नाही.

क्लच सेट ११,८००, नवीन फ्लायव्हील (प्लेट जिच्यावर दाबून बसते ती जड चकती) १४,५००, मजुरी ९,५००, ऑइल आणि किरकोळ २,८००. एकूण ३८,६००. "बिल हवं तर जीएसटी वर पडेल, साहेब." मी म्हटलं, राहू दे. वीस हजार यूपीआयने दिले, बाकी रोख. साध्या कागदावरचं इस्टिमेट खिशात घातलं.

आता जे आठवलं की अजून तोंड कडू होतं ते सांगतो. गाडी सकाळी अकराला दिली आणि चारला तयार. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. आणि फोर बाय फोरचा उतरवायचा म्हणजे चाकांकडे ताकद नेणारे पुढचा-मागचा दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडायचे, ती ताकद पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस सांभाळायची. पाच तासांत, तेही जेवणाच्या सुट्टीसकट? त्याहून वाईट म्हणजे गाडीत बसताना किल्ली खाली पडली म्हणून वाकलो. शाफ्टच्या बोल्टांवर ताम्हिणीचा लाल चिखल सुकून तस्साच बसला होता. पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. मी तो चिखल पाहिला. पाहिला! आणि मनात आलं काय, तर "धुवून तरी द्यायची." पाऊस पडत होता, घरून फोन येत होते, आणि डिकीत 'जुना माल' म्हणून एक पोतं ठेवलं होतं.

पस्तिसाव्या दिवशी मुळशीच्या अलीकडे गाडी पुन्हा रेस. टोइंगचे ६,५०० गेले. दुसऱ्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला तर आत माझीच जुनी प्लेट, रिव्हेटपर्यंत झिजलेली, आणि तेच फ्लायव्हील, तापून निळे डाग पडलेलं. पोत्यातली प्लेट माझ्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसेचना, दातेच जुळत नव्हते. "क्लच पेडलचा प्ले, म्हणजे मोकळी चाल, तेवढा सेट करून दिला असेल, म्हणून महिनाभर ओढली," तो म्हणाला. त्याने सेट बदलला, जुन्याच फ्लायव्हीलला लेथवर फेसिंग केलं, १७,३०० घेतले आणि पक्कं बिल दिलं.

चौकीत म्हणाले, हद्द आमची नाही. ज्यांची हद्द होती ते म्हणाले, हे दिवाणी प्रकरण. एका साहेबांनी विचारलं, "एवढी महागडी गाडी चिखलात घालताच कशाला?" तिथून एका सरकारी कार्यालयात. खिडकीवर पहिला प्रश्न, "बिल?" बिल नाही म्हटल्यावर त्या बाईंनी पुढच्या माणसाला हाक मारली. गुरुवारी या. गुरुवारी साहेब दौऱ्यावर. पुढच्या गुरुवारी फॉर्म बदललेला. बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे, हे त्या खिडकीला मी सांगायचं! पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही एका वकील मित्राकडूनच कळलं. यूपीआयची नोंद जपून ठेवा, रोख देऊ नका.

आणि गाडी देण्याआधी प्रोपेलर शाफ्टच्या दोन बोल्टांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, पाना लागला की नाही ते कळेल. गिअरबॉक्स जमिनीवर असताना स्वतः जाऊन बघा. जमत नसेल तर नंबरप्लेटसकट व्हिडिओ मागवा. मिस्त्री चिडला तर चिडू दे.

तक्रार द्यायला दोन वर्षांची मुदत असते. त्यातले चार महिने माझे बाकड्यांवर गेले.