लॅपटॉप सारखा बंद पडतोय? रिसेट, रिकव्हरी की कोरं विंडोज

लॅपटॉप दिवसातून दोनतीनदा बंद पडायला लागला की फोंड्यापासून पेडण्यापर्यंत कुठल्याही दुकानात पहिला उपाय ठरलेला असतो, 'फॉरमॅट मारूया'. उपाय अगदीच चुकीचा नाही. पण 'फॅक्टरी सेटिंगला नेणं' या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी येतात. काय उरतं, काय जातं, नेट किती लागतं, मध्येच वीज गेली तर काय होतं, हे प्रत्येकीत निराळं आहे. आणि दोष विंडोजचा की आतल्या एखाद्या भागाचा, हे न बघता केलेला रिसेट म्हणजे अख्खा रविवार फुकट.

आधी दोष कुणाचा ते बघा

बंद पडण्याची तऱ्हाच पुष्कळ सांगून जाते. निळा पडदा येतो (विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत तो काळा झालाय), खाली कोड दिसतो आणि लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू होतो, तर विंडोज, ड्रायव्हर (यंत्राचा एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम), रॅम किंवा डिस्क यांतलं काहीतरी. स्क्रीन मात्र दिवा गेल्यासारखी झटकन मावळत असेल, कोड नाही, सूचना नाही, तर बहुतेक वेळा उष्णता, बॅटरी, चार्जर किंवा मदरबोर्ड. या दुसऱ्या तऱ्हेत चारपैकी कुठलाही रिसेट काही करू शकत नाही. पंखा साफ करून घ्या, दुसऱ्या चार्जरवर लावून बघा.

कोड दिसला तर मोबाईलवर फोटो काढा. 'मेमरी मॅनेजमेंट' हा कोड पुन्हा पुन्हा आला तर रॅमवर संशय घ्यायचा. 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' म्हणजे बहुधा यंत्राचीच तक्रार. 'क्रिटिकल प्रोसेस डाइड' मात्र दोन्हीकडचा असतो: विंडोजच्या फाइली बिघडलेल्या असतील किंवा एसएसडी (नव्या लॅपटॉपांतली डिस्क) अखेरच्या घटका मोजत असेल. फोटो काढायचा राहिला असेल तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. कुठल्या दिवशी काय कोसळलं याची तारीखवार पाटी उघडते. बंद पडणं एखाद्या ठरावीक अपडेटच्या किंवा नव्या प्रिंटर ड्रायव्हरच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झालेलं दिसलं, तर तेवढंच काढून बघा.

माझ्या मते सगळ्यात खात्रीची चाचणी एकच. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणाली) घालायचं, त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय'मध्ये तासदोन तास वापरायचा, व्हिडिओ लावून ठेवायचा. इथे विंडोजचा संबंधच नाही. तरी लॅपटॉप गोठला किंवा बंद पडला तर दोष यंत्रात. मजेत चालला तर संशय विंडोजवर आणि डिस्कवर उरतो. डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये तपासता येते. तिथे 'गुड'ऐवजी 'कॉशन' दिसलं तर रिसेटचा विचार सोडा आणि आधी फाइली बाहेर काढा, कारण रिसेटमध्ये होणारं प्रचंड लिहिणं-पुसणं मरायला टेकलेल्या डिस्कला सोसत नाही.

गोव्यात ही यंत्राची तपासणी जरा जास्तच लावून धरावी लागते. जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं, किनाऱ्याकडच्या गावांत त्यात मीठ. मागच्या पावसाळ्यात डिचोलीच्या एका परिचितांचा लॅपटॉप फॉरमॅट होऊनही तसाच बंद पडत होता. मागचं झाकण उघडून रॅमची पट्टी काढली तर सोनेरी दातांवर काळपट हिरवी झाक चढलेली. साध्या खोडरबराने दात हलके घासले, कोरड्या ब्रशने खाच झाडली, पट्टी 'टक' आवाज येईपर्यंत दाबून बसवली, आणि यंत्र सरळ झालं. फॉरमॅटमध्ये त्यांचे हिशेब आणि फोटो मात्र उगीच गेले होते.

निळा पडदा आला म्हणजे सगळं पुसायलाच हवं असंही नाही. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, विमानतळ ठप्प झाले. त्यावरचा इलाज सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी ड्रायव्हरांवर सुरू करून) जाऊन एक फाइल डिलीट करणं, एवढाच होता.

पहिली वाट: अपडेटमधून दुरुस्ती

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी या ठिकाणी 'फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट' असा पर्याय आहे. तो विंडोजच्या फाइली नव्याने घालतो. तुमचे प्रोग्राम, फाइली, सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. विंडोज १०मध्ये हे बटण नाही, तिथे आयएसओ (विंडोजची पूर्ण इन्स्टॉल फाइल) उतरवून त्यातलं सेटअप विंडोज चालू असतानाच चालवायचं, परिणाम तोच. लॅपटॉप तासभर तरी न पडता चालत असेल तर सुरुवात इथून करावी. गमावण्यासारखं फार काही नाही, आणि दुकानदार ही वाट सहसा सुचवत नाहीत. व्हायरस किंवा एखादा भांडखोर प्रोग्राम हे कारण असेल तर मात्र तो दुरुस्तीनंतरही तसाच राहतो.

दुसरी वाट: 'रिसेट धिस पीसी'

बहुतेकांच्या मनातला फॅक्टरी रिसेट हाच. लॅपटॉप विंडोजपर्यंत पोचतच नसेल तर सुरू होताना लागोपाठ दोनतीनदा पॉवर बटण दाबून बंद केला की रिकव्हरीचा निळा मेनू येतो, तिथूनही करता येतो.

त्यात दोन प्रश्न विचारतात. पहिला, फाइली ठेवायच्या की सगळं काढायचं. 'कीप माय फाइल्स' या नावावर फार विसंबू नका. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप राहतात. प्रोग्राम सगळे जातात (त्यांची यादी तेवढी डेस्कटॉपवर ठेवून जातात) आणि 'अॅपडेटा' नावाचं लपलेलं फोल्डरही जातं. क्रोमचे बुकमार्क आणि पासवर्ड, स्टिकी नोट्स, थंडरबर्डची मेल या त्या फोल्डरात राहणाऱ्या गोष्टी. गूगल खात्याशी सिंक नसेल तर क्रोम कोरं उघडतं.

दुसरा प्रश्न, क्लाउड डाउनलोड की लोकल. लोकल रिसेट लॅपटॉपमध्ये आधीच असलेल्या फाइलींवरून विंडोज उभं करतो. त्याच फाइली बिघडल्यामुळे यंत्र पडत असेल तर बिघाड पुन्हा आत यायची शक्यता राहते. म्हणून कोसळणाऱ्या लॅपटॉपला क्लाउड, म्हणजे नेटवरून ताजं विंडोज उतरवणारा, बरा. पण तो चार जीबीच्या वर डेटा खातो. पणजी-मडगावात फायबर असलेल्यांना काहीच नाही, सत्तरीत किंवा काणकोणात मोबाईलच्या एकदोन काड्यांवर चालणाऱ्यांनी पुढची पेनड्राइव्हची वाट धरावी.

आणखी एक. रिसेट हा विंडोजचाच एक अवयव आहे आणि तोही आजारी पडतो. ऑगस्ट २०२५च्या सुरक्षा अपडेटनंतर विंडोज १० आणि विंडोज ११च्या काही आवृत्त्यांवर रिसेटच अर्ध्यात फसायला लागला, आणि मायक्रोसॉफ्टला आठवड्याभरात वेगळं अपडेट सोडावं लागलं.

तिसरी वाट: कंपनीची रिकव्हरी

शब्दशः फॅक्टरी म्हणायची ती हीच. एचपीवर सुरू होताना एफ ११, एसरवर ऑल्ट आणि एफ १०, आसुसवर एफ ९, लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलांत कडेच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबायचं नोव्हो बटण, डेलवर एफ १२ दाबून सपोर्टअसिस्ट. लॅपटॉप खोक्यातून काढला त्या दिवशी होता तसा होतो. हीच त्याची सोय आणि हीच गैरसोय.

सोय अशी की वायफाय, टचपॅड, आवाज, कीबोर्डवरच्या खास कळा, सगळ्याचे ड्रायव्हर जागेवर येतात. गैरसोय अशी की ट्रायल अँटीव्हायरस आणि न मागितलेले गेमही परत येतात, विंडोज खरेदीच्या वर्षातलं येतं आणि पुढे अपडेटांची रांग लागते. २०१४च्या आसपासचा लॅपटॉप थेट विंडोज ८.१वर जाऊन बसतो, ज्याला १० जानेवारी २०२३नंतर सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवून घेतली असेल तर डिस्कवरचा रिकव्हरीचा कप्पा (पार्टिशन) बहुधा जुन्या डिस्कबरोबरच गेला. एफ ११ कितीही दाबा. काही मॉडेलांसाठी एचपी, डेल, लेनोव्हो मूळ रिकव्हरी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची सोय देतात.

ज्यांना नंतर ड्रायव्हर शोधत बसायचं नाही आणि लॅपटॉप तीनचार वर्षांच्या आतला आहे, त्यांनीच ही घ्यावी.

चौथी वाट: पेनड्राइव्हवरून कोरं विंडोज

माझा कौल इथे. दुसऱ्या चांगल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवायचं, निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह (तो पूर्ण पुसला जातो) तयार करायचा, त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा, जुने कप्पे आतल्या फाइलींसकट उडवायचे आणि विंडोज घालायचं. जुन्या बिघाडाचा धागाही मागे राहत नाही. डाउनलोड आधीच झालेलं असतं, तेही मित्राच्या घरी करता येतं. विंडोज ८पासूनच्या लॅपटॉपांत विंडोजची मूळ की (परवाना-क्रमांक) मदरबोर्डवरच कोरलेली असते आणि विंडोज १०-११चं डिजिटल लायसन्स त्या यंत्राच्या नावे असतं, त्यामुळे तीच आवृत्ती, होम तर होम, घातली की अॅक्टिव्हेशन आपोआप होतं. 'की विकत घ्यावी लागेल' असं कुणी म्हणालं तर आधी हे तपासा.

अडणाऱ्या जागा दोन. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांवर सेटअपला एसएसडीच दिसत नाही, यादी रिकामी येते. एसएसडी मेलेली नसते. कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' करायचं. दुसरी, विंडोज ११ घातल्यावर सेटअप नेट मागतं आणि वायफायचा ड्रायव्हरच नसतो. अँड्रॉइड मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाईलचं नेट केबलमधून देणं) चालू करा, बहुतेकदा सेटअप पुढे सरकतं.

हात घालण्याआधी

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप. नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि रिकव्हरी मेनू ४८ अंकी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. त्या खात्याचा पासवर्ड आठवतोय का हे आज बघा, रिसेट अर्ध्यावर असताना नको.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, आणि जे दुकानात कुणीच विचारत नाही: फॉन्ट. देवस्थानच्या जत्रेच्या पत्रिका, भजनी मंडळांचे कार्यक्रम, स्पर्धेच्या नाटकांच्या संहिता अजून कितीतरी ठिकाणी श्रीलिपीसारख्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये पडून आहेत. 'कीप माय फाइल्स' केलं तरी तुम्ही घातलेले फॉन्ट जातात, आणि जपून ठेवलेली पत्रिका उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते कॉपी करून घ्या, सॉफ्टवेअरची सीडी किंवा डाँगल शोधून ठेवा, आणि महत्त्वाच्या पत्रिकांची पीडीएफ करून टाका. युनिकोडवाल्यांना ही धास्ती नाही. मे २०१९च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे.

दुकान किंवा कार्यालय असेल तर टॅलीचा डेटा कुठल्या पाथवर आहे ते टॅलीतच बघून कॉपी करा, लायसन्स सरेंडर करा, आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर कुठून आणायचा ते लिहून ठेवा. जीएसटीच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री यातलं काहीही करू नये.

वीज. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर रिसेट चालू असताना वीज गेली तर विंडोज ना जुनं राहतं ना नवं. इन्व्हर्टरवर लावा, नाहीतर वीज खात्याची बंदची सूचना पेपरात नसेल असा कोरडा दिवस निवडा. पेनड्राइव्हच्या वाटेत हाच प्रसंग कमी जीवघेणा ठरतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं.

तर कुणी काय करावं

विंडोज ११, यंत्र कसंबसं चालतंय: अपडेटमधून दुरुस्ती, नाही जमलं तर पेनड्राइव्ह. चांगलं नेट आहे आणि दुसरा संगणक हाताशी नाही: क्लाउड रिसेट, 'रिमूव्ह एव्हरीथिंग', बॅकअप घेऊनच. विद्यार्थ्याचा नवा, वॉरंटीतला लॅपटॉप: आधी कंपनीचं सर्व्हिस सेंटर, उघडझाक नको. इंटेलच्या ८व्या पिढीच्या आधीचा, विंडोज १०वरचा: विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, नोंदणी केली तर वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. तो फॅक्टरीला नेण्यात वेळ घालवण्यापेक्षा चाचणीसाठी घातलेलं लिनक्सच कायम ठेवता येतं का ते बघावं. ब्राउझर, पत्रं, पीडीएफ एवढंच काम असेल तर सहज जमतं.

वाट कुठलीही घ्या, नंतर सगळे जुने प्रोग्राम एका बैठकीत परत घालू नका. दोन दिवस नुसतं विंडोज आणि ब्राउझर वापरा. ते दोन दिवस न पडता गेले तर ऑफिस, मग प्रिंटर, मग अँटीव्हायरस, असे एकेक दिवसाच्या अंतराने घाला. पुन्हा पडला तर आदल्या दिवशी काय घातलं ते ठाऊक असतं. आणि कोऱ्या विंडोजवर पहिल्याच दिवशी पडला, तर लॅपटॉप उघडणाऱ्याकडे घेऊन जा आणि रॅम बदलून बघायला सांगा.