डर्बीशायरची जुनी घरे: तिकिटाचे पैसे कुठे वसूल होतात

इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये जुनी घरे पाहायला येणारे बहुतेक जण थेट चॅट्सवर्थ गाठतात आणि दिवस तिथेच संपवतात. चॅट्सवर्थ वाईट नाही. पण एकच घर पाहण्याइतका वेळ असेल तर ते हार्डविक हॉल असावे.

श्रूझबरीची काउंटेस एलिझाबेथ, म्हणजे सगळे जिला बेस ऑफ हार्डविक म्हणतात, तिने हे घर 1590 ते 1597 या काळात बांधून घेतले. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा. बाईंनी तोवर साठी ओलांडली होती आणि चार लग्ने झाली होती. सहाही मनोऱ्यांच्या कठड्यांवर तिच्या नावाची दगडी आद्याक्षरे आहेत, ती लांबूनच दिसतात. त्या काळी काच महाग, त्यामुळे खिडकी जेवढी मोठी तेवढा रुबाब. बाहेरच्या भिंतींत इतक्या खिडक्या काढता आल्या, कारण बरीचशी धुरांडी आतल्या जाड भिंतींतून वर नेली आहेत. दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे. बाहेरून फोटो काढायचे तर दुपारनंतर जा.

आत गेल्यावर वर चढायचा कंटाळा करू नका. तळमजला मुख्यतः नोकरचाकरांचा, पहिला घरच्यांचा आणि दुसरा पाहुण्यांना दिपवण्यासाठी. जसजसे वर जाल तसतशी छते उंच होतात आणि खिडक्या वाढतात. दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात भिंतीच्या वरच्या भागात डायना देवीच्या अरण्याची रंगीत गिलाव्यातली उठावाची नक्षी आहे आणि तिच्याखाली ब्रसेल्सचे विणलेले भित्तिपट. त्याच मजल्यावर सुमारे 50 मीटर लांबीची गॅलरी, म्हणजे लांबट दालन. तिथले बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे 13 भित्तिपट बेसने राणी एलिझाबेथचा दरबारी सर ख्रिस्टोफर हॅटन याच्या वारसाकडून घेतले. त्यांवर हॅटनचे कुलचिन्ह होते. ते बदलायचा खर्च म्हणून बाईंनी किमतीतून 5 पौंड कापून घेतले आणि हॅटनच्या चिन्हांवर स्वतःची रंगवलेली ठिगळे लावली. जवळ जाऊन पाहिले तर ती ओळखू येतात. या 13 पटांची दुरुस्ती 24 वर्षे चालली आणि 2023 मध्ये पूर्ण झाली.

तक्रार सगळे करतात ती अंधाराची. एवढ्या खिडक्यांचे घर आणि आत पडदे ओढलेले! कारण सरळ आहे. उन्हाने लोकर आणि रेशीम विटते, धागा ठिसूळ होतो आणि हे नुकसान कधीच भरून येत नाही. म्हणून खोलीत वर्षभरात एकूण किती उजेड येऊ द्यायचा, याचा हिशेब ठेवावा लागतो. डोळे सरावायला चार-पाच मिनिटे द्या, मग रंग दिसू लागतात. फ्लॅश चालत नाही. शेजारचा पडका जुना हॉलही बेसचाच. त्याची देखभाल इंग्लिश हेरिटेज ही वारसा जपणारी संस्था करते.

चॅट्सवर्थ डेव्हनशायरच्या ड्यूकांचे, म्हणजे बेसच्याच वंशजांचे. आजचे घर मुख्यतः 1687 ते 1707 मधले. आतला मार्ग आखून दिलेला आहे, गर्दीत तो रांगेसारखा सरकतो आणि सोन्याचा मुलामा पाहून पाहून थोड्याच वेळात डोळे थकतात. दारावर टांगलेले व्हायोलिन मात्र चुकवू नका, ते खरे नाही, रंगवलेले चित्र आहे. पैसे खरे वसूल होतात ते बागेत. ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने 1844 मध्ये रशियाचा झार येणार म्हणून एम्परर कारंजे बांधले. झार आलाच नाही. कारंज्याला पंप नाही. वरच्या टेकडीवर तळे खोदून पाणी नळाने खाली आणले आहे आणि त्या उताराच्या दाबावरच ते उडते. पूर्ण जोरात ते 90 मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. तळ्यातले पाणी मोजके असल्याने एरवी धार कमी उंचीची असते, तेव्हा जाहिरातीतल्या फोटोची अपेक्षा धरू नका. तिकीट घर आणि बाग मिळून घेता येते किंवा नुसत्या बागेचे. ऊन असेल तर नुसती बागही पुरते.

बेकवेलजवळचे हॅडन हॉल मध्ययुगीन. सुमारे दोनशे वर्षे तिथे कोणी राहिले नाही, म्हणून 'सुधारणा' करण्याच्या नादात ते बिघडले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवव्या ड्यूक ऑफ रटलंडने त्याची दुरुस्ती केली, तेव्हा प्रार्थनागृहात चुन्याखाली झाकलेली भित्तिचित्रे बाहेर आली. स्वयंपाकघरात मांस कापायचे लाकडी ठोकळे झिजून खोलगट झालेले आहेत. वरच्या लांब गॅलरीत शंकरपाळ्याच्या आकाराच्या काचा मुद्दाम वेगवेगळ्या कोनांत बसवल्या आहेत, त्यामुळे उजेड पसरतो. फरशी आणि पायऱ्या उंचसखल आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आणि बाबागाडीवाल्यांनी आधी विचारून घ्यावे.

मराठी वाचकाने केडल्स्टन हॉल का पाहावे, याचे कारण लॉर्ड कर्झन. हे त्याचे वडिलोपार्जित घर. कोलकात्याचे पूर्वीचे राजभवन, आताचे लोकभवन (1799 ते 1803) याच आराखड्यावर बेतलेले, फरक एवढाच की केडल्स्टनला चार बाजूंच्या इमारती ठरल्या असताना दोनच झाल्या आणि कोलकात्यात चारही उभ्या राहिल्या. वास्तुशिल्पी रॉबर्ट ॲडमच्या मार्बल हॉलमध्ये अलाबास्टर या संगमरवरासारख्या मऊ दगडाचे 20 खांब आहेत. कर्झनने पूर्वेकडून जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय तळमजल्यावर आहे. 1903 च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा झगाही याच घरातला. कापड दिल्लीच्या कारागिरांनी जरदोजीने भरले, हिरवी चमक भुंग्याच्या पंखांची, शिवण पॅरिसच्या वर्थ या कपड्यांच्या पेढीची. भारतातला 1904 चा प्राचीन स्मारक जतन कायदा याच माणसाच्या कारकिर्दीतला आणि पुढच्याच वर्षीची बंगालची फाळणीही त्याचीच. हे डोक्यात ठेवून संग्रहालय पाहिले तर कपाटांतल्या वस्तू वेगळ्या दिसतात.

कॉल्क ॲबी सगळ्यांना आवडेल असे नाही. 1985 मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आले तेव्हा ते पडीक होते, वीजसुद्धा 1962 मध्ये आलेली. ट्रस्टने छप्पर आणि भिंती वाचवल्या. सोललेले वॉलपेपर आणि पेंढा भरलेले प्राणी तसेच ठेवले. चकचकीत घर हवे असेल तर इकडे फिरकू नका.

आखणी अशी करावी: हार्डविक आणि बोल्सोव्हर किल्ला एका दिवशी, चॅट्सवर्थ आणि हॅडन दुसऱ्या, केडल्स्टन आणि कॉल्क तिसऱ्या. नॅशनल ट्रस्टचे सभासदत्व हार्डविक, केडल्स्टन आणि कॉल्कला चालते, बोल्सोव्हरला इंग्लिश हेरिटेजचे. चॅट्सवर्थ आणि हॅडनला ट्रस्टचे कार्ड दाखवून उपयोग नाही. शेफील्डहून 218 क्रमांकाची बस चॅट्सवर्थवरून बेकवेलला जाते. केडल्स्टनला मात्र डर्बीहून टॅक्सी केलेली बरी, आणि परतीचीही तेव्हाच ठरवून ठेवा. हिवाळ्यात काही घरे बंद असतात, काहींचे थोडेच भाग उघडे, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी वेळा पाहाव्यात. पाठीवरची मोठी बॅग बहुधा पुढे घ्यायला सांगतात किंवा बाहेर ठेवायला लावतात, आणि टोकदार टाचांच्या चपला जुन्या लाकडी जमिनींवर चालत नाहीत.