वारसांसाठी घरसामानाचं मूल्यांकन: खानदेशात मिळणाऱ्या सेवांचं परीक्षण

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत माणूस गेल्यावर घरातल्या सामानाची किंमत लावायला साधारण तीन जण भेटतात. सराफ, नोंदणीकृत मूल्यांकक आणि ‘घर रिकामं करून देतो’ म्हणणारा ठेकेदार. बहुतेक कुटुंबं तिसऱ्याला सगळ्यांत आधी बोलावतात, आणि नुकसान तिथेच होतं. जो माल विकत घेणार त्यानेच त्याची किंमत ठरवायची, ही व्यवस्था वारसांच्या सोयीची कधीच नसते. “आप्पा, सगळं मिळून एकच रक्कम बोलतो, उद्या चावी परत” हे ऐकायला बरं वाटतं. पण त्या एका रकमेत पितळी हंडे कितीचे, पलंग कितीचा आणि रद्दीत काय गेलं, हे पुढे कोर्टालाही सांगता येत नाही आणि बहिणीलाही नाही.

आधी कागदाचं बघू, कारण मूल्यांकन कशासाठी हवं यावर कोणाला बोलवायचं ते ठरतं. खानदेशात केलेल्या आणि इथल्याच मालमत्तेच्या हिंदू मृत्युपत्राला प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या शिक्कामोर्तबाची, सक्ती नव्हतीच, ती मुंबईसारख्या शहरांपुरती होती. मुंबईत फ्लॅट असेल किंवा भावाभावांत वाद असेल, तर मात्र इथली कुटुंबंही प्रोबेट घेतात. त्या अर्जासोबत मूल्यांकनाचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्याच्या एका परिशिष्टात मालमत्ता येते. घरातली रोकड, घरसामान, कपडे, पुस्तकं, भांडी आणि दागिने यांचा त्यात उल्लेखच असतो. दुसऱ्या परिशिष्टात देणी आणि अंत्यविधीचा खर्च येतो. प्रोबेट मिळाल्यावर भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 317 प्रमाणे सहा महिन्यांत पूर्ण यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टाला द्यावा लागतो. बँकेतल्या ठेवी आणि शेअर यांच्यासाठी मिळणारं उत्तराधिकार प्रमाणपत्र भांड्यांना आणि पलंगांना लागू होत नाही. दिवाणी कोर्टातून 1827 च्या रेग्युलेशनखाली मिळणारा वारस दाखला वेगळा आणि सातबाऱ्यावरची वारस नोंद त्याहून वेगळी. मूल्यांककाने पहिल्याच फोनवर “कोणत्या कामासाठी हवंय?” असं विचारलं नाही, तर दुसरा शोधावा.

दागिन्यांसाठी जळगावचा सराफ बाजार खरोखर चांगला आहे. वजन चोख होतं, जुन्या घडणावळीची ओळख आहे आणि लेखी पावती मागितली तर मिळते. अट एकच: ज्या पेढीवर जुनं सोनं मोडीत द्यायचं तिथून मूल्यांकन घेऊ नये, आणि पावतीवर तीन आकडे वेगळे लिहून घ्यावेत, म्हणजे ढोबळ वजन, निव्वळ वजन आणि शुद्धता. बोरमाळेसारख्या पोकळ मण्यांच्या दागिन्यांत लाख असते. 25 ग्रॅमच्या बोरमाळेत लाख, दोरा आणि मणी मिळून 9 ग्रॅम निघाले तर सोनं 16 ग्रॅमच उरतं. शुद्धता 84 टक्के असेल तर शुद्ध सोनं 13.44 ग्रॅम. यंत्रावरची तपासणी फक्त वरचा थर वाचते, म्हणून डाग दिलेल्या (सांधा जोडलेल्या) जागी, कडीच्या मागे आणि फाशाजवळ अशी निदान तीन ठिकाणी करायला सांगावी. आईच्या वहीत ‘दहा तोळे’ लिहिलेलं असेल तर तो जुना 11.66 ग्रॅमचा तोळा की बाजारातला 10 ग्रॅमचा, हे तिथेच ठरवून लिहावं. फरक साडेसोळा ग्रॅमांच्या वर जातो, आणि एवढ्यावरून “कोणीतरी काढलं” असा संशय घरात शिरतो.

राणीछाप रुपये मूठभर तरी जुन्या घरांत निघतातच. व्हिक्टोरियाच्या काळापासून 1939 पर्यंतचा रुपया 11.66 ग्रॅमचा आणि सुमारे 92 टक्के चांदीचा. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया निकेलचा आहे. सगळे एकत्र तोलून चांदीचा भाव लावणारा माणूस या कामाचा नाही. 1939 चा रुपया दुर्मिळ आहे, त्यामुळे त्याच्या नकलाही बऱ्याच फिरतात. तो सापडला तर वेगळा ठेवून नाण्यांच्या जाणकाराला दाखवावा. नाणी घासून चकचकीत करू नयेत, संग्राहक मग कमी भाव देतात.

स्त्रीधनाचा मुद्दा सराफ बोलणार नाही, मूल्यांककाने बोलायला हवं. वडील गेले असतील तर आईच्या अंगावरचं आणि तिच्या कपाटातलं तिचं स्वतःचं सोनं वडिलांच्या मालमत्तेत धरत नाहीत. गहाण ठेवलेले दागिने यादीत येतात, पण त्यावरचं कर्ज देण्यांच्या परिशिष्टात जातं. दोन्ही दाखवलं नाही तर हिशेब जुळत नाही.

आता नोंदणीकृत मूल्यांकक. इथे जाहिरात फसवी ठरू शकते. संपत्ती कर 2015 मध्ये गेला, तरी त्या कायद्याखालची मूल्यांककांची नोंदणी चालू राहिली. त्यात स्थावर मालमत्ता, शेतजमीन, यंत्रसामग्री, दागिने, कलावस्तू असे वेगवेगळे वर्ग आहेत. घराची किंमत काढणाऱ्या इंजिनिअरचा शिक्का दागिन्यांच्या यादीवर चालत नाही. नोंदणी क्रमांक आणि वर्ग दोन्ही विचारावेत. कोर्टाच्या कामाला किंवा वाद असलेल्या वाटणीला यांच्याशिवाय इलाज नाही, पण फी ठरवताना काळजी घ्यावी. किमतीच्या टक्क्यावर फी मागणाऱ्याला आकडा फुगवण्यात रस असतो, म्हणून दिवसाचा किंवा कामाचा ठरीव दर घ्यावा. प्रत्येक खुर्चीची स्वतंत्र ओळ लावून पानं वाढवणाराही नको. प्लॅस्टिकच्या बादल्या, रोजची स्टीलची भांडी, जुने कपडे हे सगळं ‘किरकोळ, एकत्रित’ अशा एका आकड्यात बसतं.

चांगला अहवाल ओळखायची माझी कसोटी पितळ आणि लाकूड या दोन रकान्यांवर आहे. ‘जुनी भांडी, एकूण’ असं लिहिलं असेल तर अहवाल परत करावा. तांबं, पितळ आणि कासं यांचे मोडीचे भाव वेगळे असतात, कासं पितळेपेक्षा महाग. म्हणून तीन वेगळी वजनं हवीत. बंब तोलण्याआधी आतली लोखंडी जाळी आणि नळी काढायची. पिवळ्या दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूला चुंबक लावायचं, कारण मुलामा दिलेलं लोखंड पितळेत घुसतं. घडीव घंगाळ, समई, मोठी परात यांना मोडीपेक्षा जास्त गिऱ्हाइकी भाव येतो, तो वेगळा लिहायला हवा.

लाकडात सागवान आणि बाभूळ-निंब यांत फरक करायला पलंगाची खालची बाजू बघतात, वर पॉलिश सगळं झाकतं. घनफुटाचा हिशेब सोपा आहे: 6 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. जुन्या वाड्यातले कोरीव खांब, तुळया आणि चौकटी मात्र घरसामान नव्हेत. त्या वास्तूचा भाग आहेत आणि त्यांची किंमत घराच्या मूल्यांकनात धरलेली असते. ठेकेदार त्या ‘लाकूड’ म्हणून उचलतात. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा 75 वर्षांहून जुनी हस्तलिखित पोथी निघाली तर 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. पुरातत्त्व खात्याशी बोलल्याशिवाय ती विकू नये. भिंतीत किंवा जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, 1878 चा कायदा अजून लागू आहे.

खरी परीक्षा गच्च भरलेल्या घरात होते. अनेक वर्षं काहीही बाहेर न टाकणारी माणसं असतात. साठवणुकीचा हा विकार 2013 पासून मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेला आहे. तेव्हा ‘म्हातारी कंजूष होती’ म्हणत घरात शिरणारी टोळी नको. अशा घरात किंमत लावणं हे शेवटचं काम. आधी वाट, मग वर्गवारी, मग यादी. दारापासून आत एक माणूस जाईल एवढी वाट मोकळी करायची, ढीग वरून खाली उतरवायचा. मधूनच गोणी ओढली की थप्पी अंगावर येते. खोलीचे दोरीने चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाचा हात लावण्याआधी फोटो आणि क्रमांक, जसं ‘माजघर 4’. मग चार ढीग: मोलाचं, कागद, मोड-भंगार, फेकायचं. चौथ्या ढिगावर दुसऱ्या माणसाने नजर टाकल्याशिवाय काही बाहेर जाऊ द्यायचं नाही.

सगळ्यात जास्त पैसा कागदाच्या ढिगात असतो, आणि ठेकेदार तो रद्दीच्या भावाने किलोवर घेतो. जुनी शेअर प्रमाणपत्रं, पोस्टाची बचतपत्रं, विमा पॉलिसी, गहाण पावत्या, खरेदीखतं, लॉकरची चावी. प्रत्येक वही आणि पोथी उलटी धरून झटकायची. धान्याच्या कोठीचा तळ, पिठाचे डबे, गोधड्यांच्या शिवणी, देव्हाऱ्याची मागची बाजू या जागा यादीत नावानिशी तपासलेल्या हव्यात. नोटा निघतात त्याही नीट मोजाव्यात. 2016 मध्ये बंद झालेल्या 500 आणि 1000 च्या जुन्या नोटांची किंमत शून्य, आणि कायद्याने दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत, तेव्हा वकिलाला लगेच सांगावं. 2000 च्या नोटा मागे घेतल्या असल्या तरी रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयांत (नोटा जारी करणाऱ्या कार्यालयांत) स्वीकारल्या जातात, त्या यादीत पूर्ण किमतीने येतात. वाळवीने खाल्लेल्या नोटा फेकू नयेत, फाटक्या नोटांच्या नियमांखाली काही वेळा त्यांचे पैसे मिळतात.

खानदेशाच्या हवामानाचा विचार न करणारी टोळी अर्धवट काम सोडते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. सकाळी सहा ते अकरा एवढंच काम धरावं. गोण्यांखाली विंचू आणि साप असतात, म्हणून जाड हातमोजे, गमबूट आणि गोणी उचलायला काठीचा आकडा. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, ब्लीचचं पाणी शिंपडून ओल्या पुसायच्या.

एक गोष्ट इथल्या घरांत हमखास निघते आणि तिची तयारी बहुतेकांकडे नसते. कापूस उत्पादकाच्या घरात कीटकनाशकांच्या अर्धवट बाटल्या आणि पुड्या मिळतात. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बंदी घातली, तरी जुने डबे माळ्यावर राहिलेले असतात. ते धान्याजवळून हलवून बंद पेटीत, कुलपात ठेवायचे. ओतायचे नाहीत, जाळायचे नाहीत, डबा भंगारात द्यायचा नाही. कृषी अधिकाऱ्यांना विचारून पुढची व्यवस्था करायची. परवान्याची बंदूक निघाली तर ती यादीत नोंदवून वेळ न घालवता पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची.

ठेकेदाराबद्दल न्याय्य बोलायचं तर ढीग उतरवणं, टेम्पो भरणं, मोड तोलणं ही कामं तो चांगली करतो. त्याला शेवटी बोलवावं आणि वजनकाटा आपला ठेवावा. मोडीच्या भावाची चौकशी त्या दिवशी दोन दुकानांत आधी करून ठेवावी. फ्रिजचा कॉम्प्रेसर अंगणात फोडू देऊ नये, आतला गॅस सुटतो.

अहवालात शेवटी हे असावं: कोणत्या तारखेचा भाव धरला (वकिलाशी बोलून ठरवलेली तारीख), मोडीचा भाव की विक्रीचा, तपासणीला कोण हजर होतं, दोन पंचांच्या सह्या, फोटोंचे क्रमांक, आणि घरात असून मयताच्या मालकीच्या नसलेल्या वस्तूंची वेगळी यादी. भाडेकरूचा कूलर, काकांचा ठेवायला दिलेला पंप, सुनेची शिलाई मशीन त्यात जातात. ‘अंदाजे’ एवढाच शब्द लिहून सही करणाऱ्याला पूर्ण फी देऊ नये. निम्मी आधी, उरलेली अहवालाची प्रत प्रत्येक वारसाच्या हातात पडल्यावर. परगावच्या बहिणीला प्रत पोहोचून तिचा होकार आल्यावरच भंगाराचा टेम्पो दारात लावू द्यावा.