'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चं पार्श्वसंगीत: काही महिने सतत ऐकल्यानंतर

इटालियन संगीतकार एन्निओ मोरिकोनेचा हा अल्बम मी गेल्या पावसाळ्यापासून ऐकतेय. घरी एलपी आहे, प्रवासात फोन. कधी स्वयंपाक करताना, कधी लोकलमध्ये, बऱ्याचदा रात्री दिवे घालवून नुसतंच. इतक्या महिन्यांत कंटाळा आलेला नाही. उलट कुठला सूर कुठे आणि का ठेवलाय, ते आता कुठे उलगडायला लागलंय. घ्यावा का, असं कुणी विचारलं तर बेलाशक घ्या. फक्त आधी सिनेमा बघा, तोही पावणेतीन तासांचा, पूर्ण. अमेरिकेत तो कापून आखूड केला होता, त्या आवृत्तीच्या वाटेला जाऊ नका.

सिनेमा आधी का, ते सांगते. एरवी चित्रीकरण होतं, संकलन होतं आणि मग संगीतकाराला बोलावतात: हा प्रसंग, एवढे सेकंद, द्या भरून. इथे गंगा उलटी वाहिली. 1968 च्या या वेस्टर्नच्या, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम मुलखातल्या बंदूकबाजांच्या सिनेमाच्या, मुख्य सुरावटी दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने चित्रीकरणाआधीच लिहून घेतल्या, ध्वनिमुद्रित करून घेतल्या आणि सेटवर लावल्या. नटमंडळी त्या सुरांवर चालली, थबकली, वळली. तो आणि मोरिकोने रोममधल्या एकाच शाळेत, एकाच वर्गात होते आणि 1964 च्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'पासूनचा हा त्यांचा एकत्र चौथा सिनेमा. असा उलटा कारभार करायला एकमेकांवर तेवढा विश्वास लागतो. म्हणूनच या सिनेमातलं संगीत प्रसंगाच्या पाठीमागे उभं नाही, प्रसंगच त्याच्यावर उभे आहेत.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर जिल फ्लॅगस्टोन स्टेशनवर उतरते तो प्रसंग बघा. क्लॉडिया कार्डिनालेने केलेली ही जिल नवऱ्याच्या घरी राहायला आलीय आणि घ्यायला कुणीच आलेलं नाही. गर्दी पांगते. ती स्टेशनचं घड्याळ बघते आणि तिची धून हळूच, जेमतेम ऐकू येईल अशी सुरू होते. ती स्टेशनमास्तरच्या खोलीत शिरते. आपण मात्र बाहेरच राहतो. काचेतून ती काहीतरी विचारताना दिसते, बोलणं ऐकू येत नाही. तेवढ्यात गायिका एड्डा डेल'ऑर्सोचा आवाज लागतो. एकही शब्द नाही, नुसता आकार. जिल पलीकडच्या दाराने बाहेर पडते तसा कॅमेरा भिंतीवरून वर चढायला लागतो, आवाजही चढत जातो. कॅमेरा छप्पर ओलांडतो नि तिथेच सगळा वाद्यवृंद एकदम मोकळा होतो. समोर धुळीत वसत चाललेलं अख्खं गाव. क्रेनचा वेग सुरावटीला जुळवून घेतलाय. एका सेकंदाने मागेपुढे झालं असतं तर सगळंच फसलं असतं.

अल्बमवर ही धून पुन्हा पुन्हा येते आणि ती दुःखाची की उमेदीची, हे मला आजही एका शब्दात सांगता येणार नाही. तिची सुरुवात एकट्या पडलेल्या बाईवर होते आणि शेवट एका मुलखावर. हे अंतर तिच्या चढणीतच आहे. फोनच्या साध्या इअरफोनवरही डेल'ऑर्सोचा आवाज टिकतो, पण खालून येणारी तंतुवाद्यांची साय हरवते. तिच्यासाठी स्पीकरच हवेत.

आता माउथ ऑर्गन. या अल्बमचा जीव त्यात आहे आणि त्याची सवय व्हायला सगळ्यात जास्त वेळही त्यालाच लागतो. फ्रँको दे जेमिनीने वाजवलेले ते दोन-तीन सूर एकमेकांच्या अगदी लगतचे आहेत, एकमेकांना घासतात, कानाला टोचतात. आपल्याकडच्या श्रोत्याच्या कानात माउथ ऑर्गन म्हटलं की 1975 चा 'शोले' असतो: राहुलदेव बर्मन यांचं संगीत, भानू गुप्तांचा माउथ ऑर्गन, संध्याकाळ, दिवे मालवणारी राधा आणि पायरीवर बसलेला जय. तिथे ते वाद्य न बोललेल्या मायेचं आहे. त्या हळव्या सुरांची अपेक्षा ठेवून हा अल्बम लावाल तर पहिल्या फटक्यालाच दचकाल. इथला माउथ ऑर्गन जखमेचा आहे.

(सिनेमा बघितला नसेल तर हा, पुढचा आणि नंतर येणारा शायेनचा परिच्छेद सोडून द्या.) चार्ल्स ब्रॉन्सनच्या पात्राला नावच नाही. तो उत्तर द्यायच्या जागी माउथ ऑर्गन वाजवतो, म्हणून लोक त्याला हार्मोनिका म्हणतात. अगदी शेवटच्या द्वंद्वात कळतं की खलनायक फ्रँकने (हेन्री फोंडा) त्याच्या मोठ्या भावाच्या गळ्यात फास अडकवून त्याला या पोराच्या खांद्यावर उभं केलं होतं आणि पोराच्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबला होता. म्हणजे पूर्ण सिनेमाभर आपण जे ऐकतो ते वादन नव्हेच. तो धापा टाकणाऱ्या मुलाचा श्वास आहे. या वाद्यात हवा आत घेतली की एक सूर लागतो, बाहेर सोडली की दुसरा. एखादा स्वस्तातला माउथ ऑर्गन घेऊन, बोटांची काहीच करामत न करता, नुसता जोरजोरात श्वास घेऊन बघा. ती धून कुठून आली असेल ते छातीला कळेल. मी हे करून बघितलं आणि त्यानंतर तो तुकडा मला सहज म्हणून लावता आलेला नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फ्रँकची धून आणि हार्मोनिकाची धून या दोन नाहीतच. खरखरीत, फाटलेल्या आवाजाची इलेक्ट्रिक गिटार फ्रँकची, वरचे घासणारे सूर हार्मोनिकाचे, आणि दोन्ही एकातच विणलेले. जिलच्या नवऱ्याच्या, म्हणजे मॅकबेनच्या, कुटुंबाच्या हत्याकांडात रातकिडे एकाएकी गप्प होतात, गोळ्या सुटतात, लहान पोर धावत बाहेर येतं आणि तेव्हा ही धून अंगावर कोसळते. तिथे हार्मोनिका नावाचा माणूस हजर नाही, त्याचा या घराशी संबंधही नाही. तरी त्याचा माउथ ऑर्गन ऐकू येतो. धुळीतून पुढे येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसतो तो हेन्री फोंडाचा, ज्याला प्रेक्षकांनी तोवर भल्या माणसाच्या भूमिकांत पाहिलं होतं. एक लहान मूल आणि हा माणूस समोरासमोर, असं पूर्वीही घडलंय, हे संगीताने तिथेच सांगून टाकलंय. पात्रांना ते कळायला अजून दोन तास आहेत. पटकथेत नसलेली माहिती पार्श्वसंगीताने द्यावी, याचं इतकं चोख उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही. ('शोले'तल्या ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येवर या प्रसंगाची उघड छाप आहे. दोन्ही लागोपाठ बघावेत.)

एवढं कौतुक केल्यावर अल्बममध्ये काय नाही तेही सांगायला हवं, कारण काही महिन्यांनी मला तीच उणीव सर्वांत जास्त जाणवायला लागली. सिनेमाचा पहिला प्रसंग अल्बमवर नाही. असणार कसा? त्यात संगीतच नाही. तीन बंदूकवाले स्टेशनवर गाडीची वाट बघतात. गंज चढलेली पवनचक्की करकरते, एकाच्या टोपीवर छतातून पाण्याचे थेंब ठिबकतात, एक जण बोटं मोडतो, तिसऱ्याच्या दाढीवर माशी बसते. तारयंत्राची टकटक चालू असते, तीही तो वायर उपटून बंद पाडतो. बराच वेळ दुसरं काही नाही. मोरिकोनेने सांगितलंय की फ्लोरेन्समधल्या एका कार्यक्रमात मंचावर आलेल्या माणसाने नुसती शिडी करकरवली, दुसरं काही केलं नाही, आणि ती हकिकत त्याने लिओनेच्या कानावर घातली होती. मोरिकोने स्वतः 'नुओव्हा कॉन्सोनान्झा' या प्रयोगशील मंडळींच्या गटात वाजवायचा, जिथे खरखर आणि ठकठक हेच साहित्य असायचं. त्यामुळे पवनचक्कीची करकर ही त्याच्या लेखी संगीतच आहे. गाडी येते, जाते, आणि मग पहिल्यांदा तो माउथ ऑर्गन वाजतो. एवढ्या शांततेनंतर आलेले ते दोन-तीन सूर अंगावर काटा आणतात. अल्बमवर तेच सूर एका सुंदर तुकड्यानंतर लागतात आणि त्यांची धार कमी होते.

शायेनचंही तेच. जेसन रॉबर्ड्सच्या या दरोडेखोराची धून बँजो आणि अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनीच्या शिट्टीवर चालते, थकल्या घोड्याच्या चालीने, मध्येच अडखळत. मला ती सगळ्यांत प्रिय आहे. लोकलमध्ये उभ्याने ऐकायला याहून चांगला सोबती नाही. सिनेमात शायेन मरतो तेव्हा ती अर्ध्यावरच तुटते. अल्बमवर मात्र ती रीतसर पूर्ण होते. पूर्ण झालेली ऐकताना दरवेळी चुकल्यासारखं वाटतं. रेल्वेचा मालक मॉर्टन डबक्याकडे सरपटत मरतो आणि आपल्याला समुद्राची गाज ऐकू येते, तीही इथे नाही. थोडक्यात, या सिनेमाचं अर्धं संगीत आवाजांत आणि थांबण्यात आहे. तेवढं अल्बमकडे मागू नका.

वापरातल्या बारीकसारीक गोष्टी. 'मॅन विथ अ हार्मोनिका' हळू सुरू होतो म्हणून आवाज वाढवायचा मोह होतो, वाढवू नका. गिटार घुसते तेव्हा कान झिणझिणतात, आणि रात्री शेजारीही उठतील. सराईच्या (खाणावळीच्या) प्रसंगातले तुकडे मी आता सुई उचलून पुढे नेते. ते वाईट नाहीत, पण त्या जागेपुरतेच आहेत. माझ्या एलपीला शांत जागी बारीक खरखर आहे आणि डेल'ऑर्सोच्या पहिल्या सुराला ती नको होते. त्या एका तुकड्यासाठी मी फोनच लावते. नंतर निघालेल्या लांबलचक आवृत्तीत तीच धून थोड्या थोड्या फरकाने वारंवार येते. अभ्यास करणाऱ्याला ती उपयोगाची, ऐकणाऱ्याला मूळ एलपीएवढंच पुरेसं आहे.

वेस्टर्न म्हटल्यावर ज्यांना घोडदौड, मोकळं आकाश आणि छाती फुलवणारा वाद्यवृंद हवा असतो त्यांनी एल्मर बर्नस्टाइनचं 1960 चं 'द मॅग्निफिसंट सेव्हन' घ्यावं. तेही अस्सल आहे आणि सकाळच्या वेळी मी तेच लावते. दिमित्री टिओमकिनने 1952 च्या 'हाय नून'साठी केलेलं गाणं कथा सांगत सांगत जातं, ते आवडणाऱ्यांची वाट वेगळी. मोरिकोनेसाठी मात्र आधी सिनेमा, चांगल्या स्पीकरवर, फोन बाजूला ठेवून. मग काही दिवस काहीच नको. आणि मग एलपी, पहिल्यांदा तरी मधले तुकडे न गाळता.